जागा रिकामी का सोडली?

अप्लाइड आर्टच्या तिसऱ्या वर्षाला पोहोचलं की कॉलेजला एकदम आठवतं, आपण या पोरांना बाहेरचं जग दाखवलेलंच नाही. मग फळ्यावर नोटीस लागते. सुट्टीत इंटर्नशिप करा आणि सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र आणून द्या. कुठे करायची, ते नोटिशीत नसतं.

आम्ही सगळ्यांनी आधी मुंबईच्या जाहिरात एजन्सींना मेल पाठवले, सोबत पोर्टफोलिओ. निम्म्या वर्गाच्या पोर्टफोलिओत एक काल्पनिक ऑरगॅनिक कॉफी होती. मातकट रंग, बारीक अक्षर, कोपऱ्यात एक हरीण. घरी सगळे अमृततुल्य पिणारे. एजन्सींची उत्तरं आली नाहीत, आणि जी आली त्यांचा सूर असा की इंटर्न हवाय, पण कामाचा अनुभव असलेला. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशातली गत. शेवटी बाबांनी ओळख काढली आणि ऐन मे महिन्यात, लग्नसराईच्या तोंडावर, मी नारायण पेठेतल्या एका डीटीपी आणि फ्लेक्सच्या दुकानात दाखल झाले.

मालकांना सगळे काका म्हणत. मुलाखत थोडक्यात उरकली.

"कोरल येतं?"

"इलस्ट्रेटर येतं."

"म्हणजे येत नाही."

कोरलड्रॉ, म्हणजे इलस्ट्रेटरसारखंच डिझाइनचं सॉफ्टवेअर, १९८९ साली कॅनडात जन्मलं असलं तरी त्याचं रेशनकार्ड पुण्याच्या पेठांमधलं आहे, हे मला त्या दिवशी कळलं. पगाराचा विषय मीच चाचरत काढला. "शिकायला मिळतंय ना?" असं म्हणून काकांनी माझ्यासाठी चहा सांगितला. तोच माझा पगार. दिवसातून दोनदा मिळायचा, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

पहिलं काम आलं ते एका भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, दहा बाय पंधरा. मी मनापासून केला. डावीकडे फोटो, उजवीकडे नाव, बाकी शांतता. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"ही जागा रिकामी का सोडली?"

"काका, ती व्हाइट स्पेस आहे. डोळ्याला विश्रांती मिळते."

"गिऱ्हाइकाने दीडशे स्क्वेअर फुटांचे पैसे मोजलेत. विश्रांती डोळ्याने घरी जाऊन घ्यावी."

मग त्या जागेत शुभेच्छुक आले. कॉलेजात हायरार्की शिकवताना सरांनी सांगितलं होतं, आधी नजर कुठे जावी ते डिझायनर ठरवतो. इथे ते पक्ष ठरवतो. दिल्लीचे नेते वर, गोलात, एका रांगेत. त्यांच्याखाली राज्याचे, मग शहराचे, मग प्रभागाचे, आणि तळाला मित्रमंडळाचे चेहरे पासपोर्ट आकारात. कुणाचा चेहरा शेजारच्यापेक्षा सुतभर मोठा झाला तर रात्री अकरालाही फोन येतो. कार्यकर्ते पडद्यावर पट्टी लावून मोजतात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

फोटो अर्थातच व्हॉट्सॲपवर आला होता. कुठल्याशा लग्नातला ग्रुप फोटो, त्यात आमचे सत्कारमूर्ती तिसरे. पांढऱ्याशुभ्र मंडपासमोर पांढराशुभ्र खादीचा शर्ट. कॉलर कुठे संपते आणि कनात कुठे सुरू होते ते शोधत मी पेन टूलने त्यांच्याभोवती कड काढत होते. एवढं करून त्यांच्या डाव्या खांद्यावर कुणाचा तरी हात उरला. तीन अंगठ्या असलेला, मनगटाशी तुटलेला. तो पुसायला घेतला तोच मागून कार्यकर्ता ओरडला, "अहो ताई, हात राहू द्या! साहेबांचा आहे तो!"

चौकात तो फ्लेक्स तसाच लागला. माणूस एक, हात तीन.

अक्षरांचं प्रकरण वेगळंच. हेल्वेटिका हा फॉन्ट १९५७ साली स्वित्झर्लंडमध्ये आला, यावर मी परीक्षेत पानभर लिहून मार्क मिळवले आहेत. दुकानात फॉन्टांना नावं नव्हती, नंबर होते. "सातशे चौदा लाव", "तो नको, जाड लाव." ही श्रीलिपीची, म्हणजे मराठी फॉन्टांच्या जुन्या सॉफ्टवेअरची भाषा. आमच्या कोरलवाल्या दादांना ते नंबर शेजाऱ्यांच्या नावांसारखे पाठ. हाच सातशे चौदा ॲपलच्या मॅकमध्येही बसलेला असतो, हे कॉलेजात कुणी बोललं नव्हतं. एक गिऱ्हाईक मोबाइलवरून मराठी मजकूर पाठवायचं, युनिकोडमधला, म्हणजे मोबाइल-संगणकांच्या सामायिक अक्षरपद्धतीतला. तो आमच्या जुन्या कोरलमध्ये चिकटवला की पहिली वेलांटी रुसून भलत्याच अक्षराच्या कडेला जाऊन बसे. उलट श्रीलिपीतला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला की शुभविवाहाच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि डॉलरची चिन्हं. तेव्हा "मॅटर कर्व्ह करून पाठव" हा दुकानाचा मूलमंत्र होता. जोडाक्षरं एकदा आकृत्या झाली की कुठेही मोडत नाहीत. अक्षररचनाकार र. कृ. जोशींनी विंडोजसाठी मंगल फॉन्ट केला, याचा मला फार अभिमान, पण मी तो सुचवला की गिऱ्हाईक म्हणे, "हा तर सरकारी पत्रासारखा दिसतोय."

रंगांत मात्र मी दादांचं शिष्यत्व पत्करलं. लाल म्हणजे शंभर टक्के मॅजेंटा, म्हणजे गडद गुलाबी शाई, आणि शंभर टक्के यलो. भगव्यात मॅजेंटा साठावर आणायचा. काळ्यात छपाईच्या चारही शाया शंभर-शंभर ओतायच्या नाहीत, कागद वाळत नाही आणि मागच्या पानाला डाग लागतो. पडद्यावर न पाहता नुसत्या आकड्यांवरून ते सांगत की छापून काय येईल. गिऱ्हाइकाला मात्र छापलेला पोपटी मोबाइलमधल्या पोपटीइतका चमकायला हवा असतो. मोबाइल आतून उजळतो आणि कागद उजळत नाही, हे मी किती जणांना समजावलं असेल! एक गृहस्थ म्हणाले, "मग मागून बल्ब लावा."

पण खरी कसोटी लग्नपत्रिकेची. पत्रिका डिझाइन नसतेच, तो कुटुंबाचा तहनामा असतो. प्रूफ तपासायला नवऱ्यामुलाच्या आत्या स्वतः आल्या. पिशवीतून चष्मा काढला, श्रीगजाननापासून सुरुवात केली आणि बोट ठेवून एकेक नाव वाचत गेल्या. निमंत्रकांत धाकट्या काकांचं नाव मोठ्या मामांच्या वर कसं? व्यवस्थापकांत नाशिकचे जावई का नाहीत? ते जावई आले, तर एक ओळ वाढली, ओळ वाढली, तर फॉन्ट अर्ध्या पॉइंटने उतरला, फॉन्ट उतरला, तर "आजीला दिसायचं नाही गं." शेवटी मी फुलांची वेल कापली. मग त्या खालच्या 'किलबिल'पाशी थांबल्या. "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं" म्हणणाऱ्या चिमुकल्यांत एक नाव कमी होतं.

"हे बाळ आहे अजून व्हायचं," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण जागा ठेव."

रिकामी जागा मागणारं दुकानातलं ते एकमेव गिऱ्हाईक. मी मोठ्या आनंदाने ठेवली.

जाताना त्यांनी माझी चौकशी केली. अप्लाइड आर्ट म्हटल्यावर "म्हणजे ड्रॉइंग टीचर होणार" असा निष्कर्ष काढून त्यांनी बायोडेटा मागितला. कसला, ते मी विचारलं नाही.

जूनमध्ये क्लासवाल्यांचे फ्लेक्स सुरू झाले, शाळेच्या टायमधली पोरं आणि खाली टक्के. त्याच धामधुमीत माझी सुट्टी संपली. प्रमाणपत्र मागितलं तर काका म्हणाले, "आर्टिस्ट तू, मग मी कशाला करू? तूच बनव, मी शिक्का मारतो." मी बनवलं. काकांनी शेजारी खुर्ची ओढली आणि करेक्शन सुरू केलं. दुकानाचं नाव मोठं कर. त्याला पिवळी आउटलाइन दे. गणपती घे. खाली एक पट्टी टाक: लग्नपत्रिका, बिलबुक, व्हिजिटिंग कार्ड, फ्लेक्स माफक दरात मिळतील. दोन्ही मोबाइल नंबर टाक, जाड.

कॉलेजात सरांनी ते हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं, आउटलाइनपाशी डोळे बारीक केले. मी मान खाली घालून उभी. सरांनी खिशातून मोबाइल काढला आणि पट्टीवरचा नंबर टिपून घेतला. त्यांच्या मुलीचं लग्न डिसेंबरात आहे.