डोकं तुमचं, पण पावच

हेल्मेटची कारवाई सुरू झाली की दोन दिवसांत तो मेसेज येतोच. या वेळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी टाकला आणि खाली धडाधड अंगठे उमटले. मजकूर साधारण असा: ‘डोकं माझं, जीव माझा. पडलो तर मी मरेन, दुसऱ्याचं काय जातं? गाडीचा विमा आहेच. गावात गाडी तिशीच्या वर जात नाही. हेल्मेटने मान दुखते, केस गळतात. आधी खड्डे बुजवा, मग वसुली करा.’

मी पुण्याचा. १ जानेवारी २०१९ पासून इथे कडक कारवाई सुरू झाली तेव्हा त्याविरुद्ध मोर्चे निघालेले पाहिलेत. त्यामुळे मेसेजला नुसतं हसून चालत नाही.

‘डोकं माझं.’ याचा हिशेब सर्वोच्च न्यायालयाने २००९ सालीच करून ठेवलाय, सरला वर्मा खटल्यात. अपघातात गेलेल्या माणसाची भरपाई काढताना आधी तो स्वतःवर किती खर्च करत असेल ते वजा करायचं. लग्न झालेलं असेल आणि चार ते सहा जण त्याच्यावर अवलंबून असतील, तर स्वतःचा खर्च धरायचा एक चतुर्थांश. उरलेला पाऊण हिस्सा घरच्यांचा. वय ३१ ते ३५ असेल तर वर्षाच्या त्या रकमेला १६ ने गुणायचं. म्हणजे महिना २०,००० कमावणारा तेहतीस वर्षांचा माणूस गेला, तर पुढची पगारवाढ वगैरे न धरताही घरच्यांचं नुकसान २८ लाख ८० हजार. एवढा पैसा डोळ्यांसमोर दिसत नाही, कारण तो दरमहा थोडा थोडा यायचा असतो. बरं, ही भरपाई मिळते ती चूक समोरच्याची असेल तर. आपणच घसरून पडलो तर नुकसान तेवढंच, देणारं मात्र कुणी नाही.

आणि मागे बसलेल्यांचं काय? केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण गेले. त्यातले १४,३३७ मागच्या सीटवरचे होते. हेल्मेट असतं तर हे सगळेच वाचले असते असं नाही. पण या १४,३३७ जणांपैकी हँडल कुणाच्याच हातात नव्हतं.

‘पडलो तर मी मरेन.’ हे वाक्य लिहिणाऱ्याने डोक्याला मार लागलेला माणूस घरी ठेवलेला नसणार. आमचा चुलतभाऊ मरण पावला नाही. दूध आणायला निघाला होता, हेल्मेट घरी खुंटीला. आयसीयूत १९ दिवस. मेंदूला सूज होती म्हणून कवटीचा तुकडा काढून पोटाच्या कातडीखाली ठेवला आणि काही महिन्यांनी परत बसवला. वहिनीने खर्च मुलाच्या शाळेच्या वहीत मांडायला घेतला. पहिल्या पानांवर मोठे आकडे: सीटी स्कॅन, ऑपरेशन, रक्त. पाटल्या गहाण टाकल्या ती तारीख. पुढे आकडे लहान होत जातात, पण संपत नाहीत: फिजिओ, मोठ्यांचे डायपर, एअरबेडचं भाडं, रिक्षा, रिक्षा, रिक्षा. वहिनीचं शिवणकाम बंद पडलं, ते मात्र त्या वहीत कुठेच नाही. न आलेला पैसा कोण लिहून ठेवतो?

हे आमच्याच घरचं नाही. जागतिक बँकेने २०२१ मध्ये भारतातल्या अपघातग्रस्त कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात गरीब घराला बसलेला फटका सात महिन्यांहून जास्त कमाईएवढा होता, तर श्रीमंताला महिनाभराच्या कमाईपेक्षा कमी. म्हणून ‘डोकं माझं’ म्हणणं ज्याला परवडतं, तो बहुधा चारचाकीतच बसलेला असतो.

दुसऱ्याचं काय जातं म्हणाल, तर मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्ताला पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार आहेत. चांगलीच योजना आहे, पण तो पैसा वर्गणीच आहे, तुमची-माझी. आणि आठव्या दिवशी वही उघडावीच लागते.

‘विमा आहेच.’ कुठला? थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान. स्वतः घसरलेल्या चालकाला त्यातून छदाम नाही. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, तो मृत्यूला आणि कायमच्या अपंगत्वाला. दवाखान्याच्या बिलाला नाही. शिवाय लायसन्स चालू हवं आणि गाडी आपल्याच नावावर हवी. भावाची गाडी सासऱ्यांच्या नावावर होती.

‘तिशीच्या वर जात नाही.’ गाडी सोडा. उभ्या माणसाचं डोकं दीड मीटरवरून खाली आलं तर जमिनीवर आदळताना वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास असतो. गाडी सिग्नलला थांबलेली असली तरी! नारळ तेवढ्याने फुटतो. हेल्मेटच्या आतला थर्माकोलसारखा थर तो दणका स्वतः चेपून घेतो. म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चकाचक दिसलं तरी बाद.

मान आणि केस: जगभरातले अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन आढाव्यात हेल्मेटमुळे मृत्यूची शक्यता ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीची ६९ टक्क्यांनी कमी झालेली दिसली. मान थोडी दुखली तर दुखू दे, केसांचं ज्याचं त्याने बघावं. आतून सुती रुमाल बांधा, घाम टिपला जातो.

राहिले खड्डे. इथे काकांशी माझं भांडण नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे कुणी गेलं तर वारसांना ६ लाख द्या, असा आदेश दिला. खड्ड्याचे फोटो काढून तक्रारी करा, मीही करतो. फक्त ‘आधी खड्डे, मग हेल्मेट’ हा क्रम मला कळत नाही. छप्पर गळतंय म्हणून कुणी छत्री फेकून देतं का?

आणि वसुली. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-डी प्रमाणे दंड १००० रुपये आणि तीन महिने लायसन्स निलंबित. तेवढ्यात बरं आयएसआय हेल्मेट येतं. फुटपाथवरची अर्धी टोपी घेऊ नका, ती फक्त हवालदारासाठी असते. नवं घेतलंत की हनुवटीखालचा पट्टा लावून मान खाली घाला आणि मागून ओढून बघा. निघालं तर साइज बदलून आणा.