माझा गुरुवार तुम्ही प्यायलात

शहाळं परत करता येत नाही. शर्ट परत करता येतो, मिक्सर करता येतो, आहेरात आलेली साडीसुद्धा दुकानात जाऊन गुपचूप बदलून आणता येते. पण शेंड्यावर कोयत्याचे चार घाव पडलेलं, पाणी माझ्या पोटात आणि अर्धी मलई दातांत गेलेलं शहाळं 'मग राहू दे' म्हणून परत द्यायची सोय अजून निघालेली नाही. हे मला गेल्या रविवारी सकाळी सव्वासातला ठाण्याच्या तलावपाळीवर कळलं.

झालं एवढंच की सत्तर रुपये माझ्या खात्यातून गेले आणि शहाळेवाल्याच्या खात्यात पोचले नाहीत. मधे कुठे टपरीवर बसले ते देव जाणे. माझ्या स्क्रीनवर एक गोल फिरत होता. त्याच्या गाडीला सुतळीने बांधलेला डबा गप्प होता. एरवी हा डबा लग्नात माइकवर आहेर पुकारणाऱ्या मामासारखा असतो. 'सत्तर रुपये प्राप्त झाले!' सगळ्या तलावाला ऐकू जातं. माझ्या वेळेला मामा पाणी प्यायला गेले.

"काका, पैसे नाही आले."

"अरे गेलेत. हा बघ बँकेचा मेसेज."

"तुमचे गेले असतील. माझे आले नाहीत."

यातला 'काका' मी सोडून दिला. त्याच्या हातात कोयता होता, त्याचाही काही अर्थ काढू नये, शहाळेवाल्याच्या हातात कोयताच असणार. पण कोयता हातात असलेल्या माणसाशी व्यवहाराच्या तत्त्वावर बोलताना आवाज आपोआप खाली येतो. त्याचंही चुकत नव्हतं म्हणा. खोटे स्क्रीनशॉट दाखवून चालते झालेले लोक त्याने पाहिलेत. त्यामुळे आता माणूस काय म्हणतो, मेसेज काय म्हणतो याला किंमत नाही. डबा बोलला तरच खरं. आणि त्या डब्याचं तो महिन्याला भाडं भरतो.

पाकीट काढलं. त्यात पाचशेची नोट नव्हती, शंभराची नव्हती. सिद्धिविनायकाचा फोटो होता, लाँड्रीची पावती होती, आणि पॅन्टबरोबर मशीनमध्ये धुऊन निघालेली दहाची एक नोट, तिच्यावरचं कोणार्कचं चाक आता पापडासारखं दिसतं. शिवाय तीन कार्डं. या कार्डांवर पाच हजारांपर्यंत पिनसुद्धा लागत नाही, नुसतं टेकवलं की झालं. टेकवायला समोर फक्त कोयता होता.

एव्हाना सल्लागार मंडळ जमलं. एका ट्रॅकसूटने फोन विमान मोडवर टाकून परत काढायला सांगितलं. दुसऱ्याने बँक कुठली विचारली आणि नाव ऐकून "हां, मग बरोबर," असं म्हणून तो चालता झाला, जणू मी जात्याच नादारीच्या घराण्यातला. आणि मग काकू आल्या.

काकू सत्तरीच्या पुढच्या. सुती साडी, खाली पांढरे स्पोर्ट्स शूज, आणि हातात स्टीलचा पेला. शहाळ्याचं पाणी त्या पेल्यात ओतून घेतात. स्ट्रॉने पाणी पोटात जातं, पण प्यायल्यासारखं वाटत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं शहाळं माझ्यामुळे खोळंबलं होतं.

"कधीपासून अडकलंय?" त्यांनी डॉक्टरच्या सुरात विचारलं.

"पाचेक मिनिटं झाली."

"जरा वर धरून बघा."

मी धरला. वय वर्षे सत्तेचाळीस, मी तलावपाळीवर फोन डोक्यावर घेऊन उभा. गोल फिरतच होता, आता फक्त मला दिसत नव्हता.

"नाही येत," काकूंनी निदान केलं. मग पेला कठड्यावर ठेवला आणि पिशवीतून एक डबी काढली. गोळ्यांची. आठवड्याच्या सात कप्प्यांची, प्रत्येकाला वेगळं झाकण, ती. मला वाटलं, माझा रक्तदाब वाढलेला दिसला असेल. पण त्यांनी एक झाकण उघडलं आणि आत गोळ्या नव्हत्या. नोटा होत्या. चार घड्या घालून अगदी पेढ्याएवढ्या केलेल्या.

"मुलाने पाठवली अमेरिकेतून. औषधांना."

"मग औषधं?"

"तीन तर गोळ्या. त्या राहतात लक्षात. पैसे राहत नाहीत."

दर रविवारी संध्याकाळी बसून त्या आठवडा भरतात. सोमवारात इस्त्रीवाल्याचे. मंगळवारात गणपतीची फुलं. शनिवारात मारुतीच्या रुईच्या माळेचे. झाकणांवर वारांची इंग्रजी अक्षरं. "त्यात दोन एस, दोन टी. अमेरिकेत कसं कळतं त्यांना कोण जाणे. मी मंगळवारावर कुंकू लावलंय." खरंच लावलं होतं. पुसट झालेला ठिपका, त्यावर चिकटपट्टी, पुसू नये म्हणून.

"आज रविवार. हे माझ्या शहाळ्याचे," म्हणत त्यांनी रविवार रिकामा करून शहाळेवाल्याला दिला. मग बोट एकेका झाकणावरून सरकू लागलं. सोमवारावर थांबलं, "नको, तो उद्या सकाळीच येतो." शनिवार त्यांनी नुसता टिचकी मारून सोडला, "मारुतीच्यात हात नाही घालायचा." आणि बोट कुंकू नसलेल्या टी वर येऊन थांबलं.

"गुरुवारी माझं दुसरं शहाळं असतं. आठवड्यात दोनच. डॉक्टर म्हणाले, पोटॅशियम वाढतं." झाकण उघडलं. एक पन्नास, एक वीस. बरोबर सत्तर. त्या नोटा शहाळेवाल्याच्या हातावर ठेवून काकू माझ्याकडे वळल्या. "म्हणजे माझा गुरुवार तुम्ही प्यायलात."

मी म्हटलं, "काकू, आत्ताच्या आत्ता पाठवतो तुम्हाला फोनवर."

"कशाला? तेही अडकेल."

"मग नंबर तरी द्या तुमचा."

"नंबर कशाला? मी काय पळून जातेय? गुरुवारी याच वेळेला असते मी इथे. आणि हे बघा, पन्नासची एक, वीसची एक. पाचशेची आणू नका, झाकण लागत नाही."

इथवर मी कृतज्ञ होतो, खरंच होतो. पण मग त्या जमलेल्या मंडळींकडे वळून म्हणाल्या, "असू दे हो, येते वेळ माणसावर." आणि मला, अगदी हळू आवाजात, "घरी सगळं ठीक ना?"

माझ्या खात्यात पैसे होते हो. आत्ताही आहेत. मी प्राप्तिकर भरतो. हे मी तिथे ओरडून सांगणार होतो, पण दातांत मलई असताना माणसाला प्राप्तिकरावर बोलता येत नाही.

मला राग कसला आला ते सांगतो. पूर्वी दुकानदाराकडे सुट्टे नसले की पंचाईत दोघांची असायची. तो गल्ला उचकायचा, शेजारच्या दुकानात पोऱ्याला पिटाळायचा, शेवटी दोन रुपयांच्या गोळ्या हातात टेकवायचा. आता बिघाड बँकेत, नाहीतर टॉवरवर, नाहीतर आणखी कुठे, आणि चोरासारखं उभं राहायचं मी. २०२५च्या मार्च-एप्रिलमध्ये फोनवरून पैसे पाठवायची ही यूपीआय यंत्रणा देशभर तीनदा तरी बसली. २६ मार्चला, २ एप्रिलला, १२ एप्रिलला. तेव्हा बरं वाटलं होतं, कारण सगळेच हॉटेलच्या काउंटरवर एकमेकांकडे केविलवाणे बघत होते. संकट राष्ट्रीय असलं की त्यात लाज नसते. सत्तर रुपयांचं, एकट्याचं संकट वाईट.

गेली काही वर्षं मी रोख बाळगणाऱ्यांना हसत आलो, हेही कबूल करतो. त्यात आमची आई पहिली. ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री टीव्हीवर ते भाषण झालं आणि दुसऱ्या दिवशी तिने साबुदाण्याच्या डब्यातून पाचशेच्या आठ नोटा काढून माझ्यापुढे ठेवल्या. बँकेच्या रांगेत मी दोन दिवस उभा होतो, नोटांना साबुदाण्याचं पीठ लागलं होतं आणि कॅशियर नोटा मोजून हात झटकत होता. बदल्यात दोन गुलाबी दोन हजारच्या मिळाल्या, त्या मोडायला आणखी आठवडा. ती गुलाबी नोटही २०२३च्या मे महिन्यात मागे घेतली. आईचा साबुदाण्याचा डबा आहे तिथेच आहे.

आता पन्नास आणि वीस. सोमवारी एटीएमवर गेलो. लाल किल्ला. पुन्हा घातलं कार्ड, पुन्हा लाल किल्ला. रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलंय की मार्च २०२६पर्यंत नव्वद टक्के एटीएममधून शंभराच्या नाहीतर दोनशेच्या नोटा निघाल्या पाहिजेत. आमच्या कोपऱ्यावरचं उरलेल्या दहांत असावं.

औषधाच्या दुकानात ओव्याचा अर्क घेतला, गरज नसताना. पाचशेची नोट बघून दुकानदार म्हणाला, "स्कॅन करा ना." रिक्षात बसलो, अठ्ठावीस रुपये झाले. रिक्षावाला नोटेकडे बघून चिडलासुद्धा नाही, हताश झाला. "साहेब, दिवसभर सगळे स्कॅन करतात. सुट्टे येणार कुठून?" मला हे आधी सुचायला हवं होतं. आम्ही सगळ्यांनी मिळून सुट्टे खाऊन टाकलेत. ज्याच्याकडे फोन नाही त्याला रोख चालवता येत नाही, आणि ज्याचा फोन अडकतो त्याला मागे फिरायला वाट नाही.

फुलवालीने दहाची सात नाणी देऊ केली. मी घेतली. घरी येऊन आठवलं, झाकण. नाणी परत द्यायला गेलो तर ती घेईना. "दहाचं नाणं चालत नाही." आत्ता तूच दिलंस की! "म्हणून तर दिलं." दहाच्या नाण्याचे चौदा नमुने आहेत आणि चौदाही वैध आहेत, हे रिझर्व्ह बँकेने २०१८ सालीच जाहीर केलंय. मी ते फुलवालीला सांगितलं. तिने शेवंतीवर पाणी मारलं, त्यातलं थोडं माझ्यावर.

बुधवारी रात्री दहा वाजता आईने न विचारता ओट्यावरचा डबा काढला. एक पन्नासची नोट, निळी, मागे हंपीचा रथ. एक वीसची, हिरवट पिवळी, मागे वेरूळ. मी ती पन्नासची नोट उलटीसुलटी करून बघितली. कितीतरी वर्षांत नोट अशी वाचली नव्हती. मागच्या पट्टीत पंधरा भाषा आहेत, आपली मराठी बरोबर मधे, वरून आठवी. 'पन्नास रुपये.' पुढे गव्हर्नरसाहेबांची सही आणि वचन. माझ्या फोनवर चार दिवस फक्त 'प्रलंबित' होतं, खाली कोणाची सही नाही.

"मी तुला फोनवर पाठवतो," मी आईला म्हटलं.

"मला नको फोनवर. पन्नास आणि वीस परत आणून ठेव."

म्हणजे कर्ज फिटलं नाही, काकूंकडून साबुदाण्यात गेलं.

गुरुवारी सात वाजून दहा मिनिटांनी मी हजर. काकू होत्या, आणि त्यांच्याबरोबर आणखी चार जण, त्यातला एक रविवारचा ट्रॅकसूट. मला लांबून बघूनच त्या म्हणाल्या, "आले बघा गुरुवार!" नोटा त्यांनी उन्हात धरून बघितल्या, चार घड्या घातल्या, कप्प्यात ठेवल्या, झाकण टक् करून बंद केलं. मग लगेच उघडलं, त्याच नोटा काढल्या आणि शहाळेवाल्याला दिल्या, कारण गुरुवारच होता. पेल्यात पाणी ओतून घेत म्हणाल्या, "मी सांगत होते ना, येईल म्हणून."

म्हणजे येणार नाही असंही कोणीतरी म्हणत होतं. मी ट्रॅकसूटकडे बघितलं. तो तलावाकडे बघत होता.

माझे अडकलेले सत्तर? त्याचाही नियम आहे, रिझर्व्ह बँकेचा, सप्टेंबर २०१९चा. दुकानदाराला पोचले नाहीत तर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत, त्यापुढे दिवसाला शंभर रुपये भरपाई. हे वाचल्यापासून मी ते पैसे येऊ नयेत म्हणून नवस बोलायचाच बाकी होतो. सत्तरावर रोजचे शंभर! कुठल्या पतपेढीने एवढं व्याज दिलंय? शुक्रवार हा पाचवा दिवस. शुक्रवारी रात्री दहा चाळीसला सत्तर रुपये मुकाट्याने येऊन पडले. डबा नाही, पुकारा नाही. दिले असते दीड तास उशिरा, तर काय बिघडलं असतं?

काल शनिवारी तलावपाळीवरून बँकेत चाललो होतो, पन्नास आणि वीसची एकेक नोट मागायला. समोरून टोपीवाले एक गृहस्थ आले. मी त्यांना आयुष्यात पाहिलेलं नाही. थांबले, हसले आणि म्हणाले, "काय गुरुवार, आज शनिवारी कसे?"