‘श्वास’ आणि ऑस्कर नामांकन : एक खुलासा

‘श्वास हा ऑस्करचं नामांकन मिळवणारा पहिला मराठी चित्रपट’ असा मेसेज फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

संदीप सावंत दिग्दर्शित ‘श्वास’ (2004) ही 77व्या ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका होती. प्रवेशिका म्हणजे नामांकन नव्हे. परभाषेतील चित्रपटांच्या विभागात प्रत्येक देश एकच चित्रपट पाठवतो. आपल्याकडे ही निवड फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया करते. आलेल्या सगळ्या चित्रपटांतून ऑस्कर देणारी अकादमी नामांकनासाठी शेवटी पाचच निवडते. हल्ली त्याआधी 15 चित्रपटांची यादीही जाहीर होते आणि गोंधळात तिचीही भर पडते. त्या वर्षीच्या पाचांत स्पेन, स्वीडन, फ्रान्स, जर्मनी आणि दक्षिण आफ्रिकेचे चित्रपट होते. पुरस्कार स्पेनला गेला. या विभागात भारताला आजवर तीनदाच नामांकन मिळालं: ‘मदर इंडिया’, ‘सलाम बॉम्बे’ आणि ‘लगान’.

गैरसमज होणं साहजिक आहे. अमेरिकेतल्या प्रचारासाठी तेव्हा लोकांनी वर्गणी काढली होती, बातम्याही जोरात होत्या.

पडताळायचं असेल तर अकादमीच्या संकेतस्थळावरच्या पुरस्कार-नोंदींत 77वा सोहळा निवडा. तिथे फक्त नामांकित आणि विजेते दिसतात. विभागाचं तेव्हाचं नाव ‘फॉरेन लँग्वेज फिल्म’ होतं, ते 2019 मध्ये बदलून ‘इंटरनॅशनल फीचर फिल्म’ झालं; नव्या नावाने शोधलंत तर घोळ होऊ शकतो.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. अभिमानाने सांगायचंच असेल, तर ‘श्यामची आई’नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय सुवर्णकमळ मराठीत आणलं ते ‘श्वास’नेच, हे लिहा.