डा

नोकरीची पहिली काही वर्षं मी मेळघाटात, धारणी तालुक्यातल्या एका छोट्या शाळेवर होतो. पहिल्याच आठवड्यात पहिलीतली एक पोर माझ्यापाशी येऊन "डा, डा" म्हणत राहिली. मी तिला दोनदा जागेवर बसवलं. शेवटी चौथीतला एक मुलगा म्हणाला, "गुरुजी, पानी मांगती." डी.एड.ला चांगले मार्क मिळवलेला मी, आणि तहानलेल्या लेकराचा एक शब्द मला कळला नाही. ते अजून टोचतं.

ती पोर बोलत होती ती कोरकू, तिथल्या कोरकू आदिवासींची मुंडा कुळातली भाषा. संथाळी, मुंडारी तिच्या बहिणी. मराठीशी तिचं रक्ताचं नातं नाही. एक, दोन, तीन म्हणजे मिया, बारी, आफई. घरी कोरकू, बाजारात हिंदी आणि पुस्तक मराठीत. सहा वर्षांच्या मुलापुढे आपण तिसऱ्या भाषेत बेरीज मांडतो आणि ते गप्प राहिलं की "अप्रगत" लिहून मोकळे होतो.

कोरकू आणि मराठी दोन्ही भाषांत शिकवू म्हटलं की उत्तर ठरलेलं: पात्र शिक्षकच नाहीत. हे मला मान्य नाही. २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेश धरून कोरकू बोलणारे सात लाखांवर आहेत. माझ्याच गावात बारावी झालेली पोरं होती, लहानांना गोष्टी सांगत बसायची. त्यातली एक डी.एड. झाली, टीईटीत, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेत, अडकली. टीईटीला भाषा म्हणून उर्दू, तेलुगू, कन्नड घेता येते, कोरकू नाही. तिला येणारी जी गोष्ट शाळेला सगळ्यात जास्त हवी होती, तिला शून्य गुण. आणि माझ्यासारखा घाटावरचा माणूस गुणवत्ता यादीतून तिथं पोचतो, भाषा कानावर बसेपर्यंत बदलीचा अर्ज भरतो. मीही भरला होता.

राज्यघटनेत कलम ३५०क १९५६ पासून आहे, शिक्षण हक्क कायदा २००९ चा, नवं शैक्षणिक धोरण २०२० चं. मातृभाषेतून शिकवण्याची गोष्ट सगळ्यांत आहे. ओडिशानं २००६ च्या सुमारास दहा आदिवासी भाषांत शिकवायला सुरुवात केली आणि त्या त्या समाजातलेच शिक्षक घेतले.

आपल्याकडे निदान धारणी-चिखलदऱ्यात पहिली-दुसरीच्या नेमणुकीला कोरकूची तोंडी परीक्षा ठेवा, तिचे गुण धरा. बारावी झालेल्या कोरकू मुलींना डी.एल.एड.ची (डी.एड.चं आताचं नाव) फी आणि राहण्याची सोय द्या. आणि बाहेरून येणाऱ्या गुरुजींना वर्गावर पाठवण्याआधी तीन महिने गावातल्याच एखाद्या आजीकडे कोरकू शिकायला बसवा, पगारी.