गिऱ्हाईक दावणीला कसं बांधावं

रोहिण्या लागल्या की तालुक्याच्या रस्त्यावर नवी कृषी केंद्रं, म्हणजे बी-खत-औषधांची दुकानं, उगवतात. यंदाही उगवली. नवा बोर्ड, आत ताज्या रंगाचा वास, गल्ल्यामागं लक्ष्मीचा फोटो, आणि फोटोखाली बसलेल्या नव्या मालकाच्या डोक्यात एकच काळजी: गिऱ्हाईक एकदा येईल, पण दुसऱ्यांदा कशावरून येईल? अशा सगळ्या बंधूंसाठी हा लेख. मी स्वतः दुकानदार नाही. थोडी कोरडवाहू जमीन, तिच्यात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आणि तूर, एवढाच माझा धंदा. पण गिऱ्हाईक म्हणून माझा अनुभव दांडगा आहे आणि या हंगामात तर तो फारच वाढला. सल्ला फुकट आहे. सोबत दुसरं काही घ्यावं लागणार नाही.

पहिला धडा. भाव कमी करू नका, स्कीम काढा. भाव कमी केला तर गिऱ्हाइकाला फायदा तिथल्या तिथं कळतो आणि तुमचं नुकसानही तिथल्या तिथं होतं. स्कीमचा फायदा कळायला त्याला अख्खा हंगाम लागतो, तोवर तुमचा माल विकून झालेला असतो.

नागपुरात एमबीए करणारा माझा पुतण्या सांगतो की ही विद्या विमानवाल्यांनी जगभर नेली. १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सनं असं ठरवलं की माणूस जितके मैल उडेल तितके मैल त्याच्या खात्यावर जमा करायचे, आणि पुरेसे जमले की एक तिकीट फुकट द्यायचं. “काका, विमानातली जी खुर्ची रिकामी जाणार होती, तिच्यावर एखादा फुकट बसला तर कंपनीचं जाते काय?” मला पटलं. आमच्या काळीपिवळीत रिकामी खुर्ची हा प्रकारच नसतो, म्हणून त्या धंद्यात ही स्कीम अजून आलेली नसावी.

तुमच्याकडे विमान नाही म्हणून खट्टू होऊ नका, पॉइंट आहेत. पॉइंट द्यायचे ते असे. औषधाच्या डब्यात एक चिठ्ठी टाकायची. ती नखानं खरवडायची. खाली चौकोनी कोड निघतो. तो मोबाइलनं टिपायचा. त्याला ॲप लागतं. ॲपला ओटीपी लागतो. ओटीपीला रेंज लागते, आणि रेंज गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीपाशी असते. तेव्हा गिऱ्हाइकानं फवारणी अर्धी टाकून, औषधानं माखलेले हात धुऊन टाकीपाशी जावं, ओटीपीची वाट बघावी, तो आला की चष्मा शोधावा आणि चष्मा सापडला की ‘वेळ संपली, पुन्हा प्रयत्न करा’ हे वाचावं. राजेहो, मी केलं हे सगळं. भर दुपारी केलं. कशासाठी? तर पुरेसे पॉइंट झाले की बॅटरीवर चालणारा फवारणी पंप मिळणार होता. पोस्टरवर पंपाशेजारी एक गोरापान शेतकरी हसत उभा होता. त्याच्या पायाला चिखल नव्हता, तेव्हाच मी समजायला पाहिजे होतं.

पुतण्याकडे याचंही शास्त्र आहे. न्युन्स आणि ड्रेझ या दोन संशोधकांनी अमेरिकेत गाड्या धुण्याच्या एका ठिकाणी ३०० गिऱ्हाइकांना कार्डं वाटली. निम्म्यांच्या कार्डावर आठ घरं, आठही रिकामी. निम्म्यांच्या कार्डावर दहा घरं, पण दोनांवर आधीच शिक्का मारलेला. हिशेब दोघांचा सारखाच, गाडी आठदा धुतली की एकदा फुकट. तरी पहिल्यांपैकी १९ टक्के शेवटापर्यंत पोचले आणि दुसऱ्यांपैकी ३४ टक्के. २००६ साली हा अभ्यास छापून आला. आपण निघालोय, थोडी वाट कापली आहे, असं माणसाला वाटलं की तो मागं फिरत नाही. आणि शेवट दिसायला लागला की चाल आणखी वाढते.

पण त्या कार्डवाल्यांनी एक वेडेपणा केला. घरं भरली की खरंच गाडी फुकट धुऊन दिली! तुम्ही असलं काही करू नका. गिऱ्हाईक पंपाच्या जवळ आलं की पंप पुढं सरकवा. ‘नवीन नियमांनुसार’ असा मेसेज टाका. तरी ते पोचलंच, तर पंप संपला म्हणा आणि तेवढ्याच पॉइंटात छत्री दाखवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मुदत. पॉइंट ३१ मार्चच्या रात्री मेले पाहिजेत. त्यामागं हिशेब आहे. न वापरलेले पॉइंट म्हणजे कंपनीच्या वहीत गिऱ्हाइकाला द्यायचं देणं. मुदत संपली की ते देणं कुणाला एक पैसा न देता पुसलं जातं. आमच्या डोक्यावरचं पीककर्ज असं ३१ मार्चला रात्री पुसलं गेल्याचं मी ऐकलेलं नाही. तिथं ३१ मार्चचा अर्थ वेगळा असतो.

मागच्या खरिपापासून साठवलेले माझे पॉइंट असेच गेले. छत्रीही नाही आली.

दुसरा धडा. मोबाइल नंबर घ्या, रोज मेसेज पाठवा, फोन उचलू नका.

तिसरा धडा. स्कीमचा फ्लेक्स हायवेवरून दिसला पाहिजे. साठ्याचा आणि भावाचा फलक कॅलेंडरमागं टांगा.

चौथा. मागणीचं सरकीचं वाण काउंटरखाली ठेवा. २०२५ च्या हंगामात सरकारनं बीजी-२ या बीटी सरकीच्या पाकिटाचा कमाल भाव ९०१ रुपये बांधला होता. काउंटरखाली सरकारचा हात पोचत नाही.

पाचवा. लकी ड्रॉ ठेवा. मोटरसायकल तुमच्या साळ्याला लागली की हार जरा मोठा घाला, म्हणजे फोटोत चेहरा ओळखू येत नाही.

बिलाबद्दल मात्र नीट ऐकून घ्या, इथं नवे लोक चुकतात. पक्कं बिल देऊ नका. सिगारेटच्या पाकिटामागं आकडे लिहा. मागितलंच तर मोठ्यानं हसून विचारा, “बिल काय कराचं भाऊ, पोरीच्या लग्नात दाखोता का?” बाकीची गिऱ्हाइकं हसतात, मागणारा ओशाळतो, विषय संपतो. याचा उपयोग पुढं होतो. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून विदर्भ-मराठवाड्यात तक्रारींचा ढीग पडला होता, आठवतं? तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे गेलं की पहिला प्रश्न बिल कुठंय, दुसरा पिशवीचा टॅग कुठंय, तिसरा लॉट नंबर काय. सिगारेटच्या पाकिटावर लॉट नंबर नसतो. गंमत बघा, पॉइंट द्यायला यांच्याकडे कोड आहे, ॲप आहे, सर्व्हर आहे, माझं नाव, गाव, गट नंबर सगळं आहे. तोच व्यवहार बिलावर लिहायचा म्हटलं की पेनातली शाई संपते.

आता सहावा धडा, की सातवा, मोजणं सुटलं. हाच खरा. बाकी काही नाही केलं तरी चालेल. गिऱ्हाइकाला नडेल तेव्हाच नडवा.

जुलै महिना. पाऊस पडून गेलेला, डवरणी झालेली, पऱ्हाटी पिवळी पडायला लागलेली. जमिनीत ओल आहे तोवर युरिया पडला तर पडला, नाहीतर मग बसा आभाळाकडे बघत. रॅक, म्हणजे खताची मालगाडी, लागल्याची बातमी आली तशी सकाळपासून दुकानासमोर रांग. पंचेचाळीस किलोची थैली, छापील भाव २६६ रुपये ५० पैसे. आधी ती ५० किलोची होती, २०१८ मध्ये पाच किलो उतरली, ते जाऊ द्या. मशीनवर अंगठा लावा. अंगठा लागत नाही. पुसून लावा. दुसरं बोट लावा. सर्व्हर गेलं. सर्व्हर आलं. लागला एकदाचा. मग मालक थैलीकडे न बघता म्हणाले:

“संगं हे बकेट घ्या लागन, भाऊ.”

“कायची बकेट?”

“झिंक-सल्फर. मस्त हाय.”

“माह्या मातीत झिंक कमी हाय असं कोनं सांगतलं?”

“माती नाही पाहत आमी. वरूनच तसं येते.”

बकेटीची किंमत युरियाच्या दोन थैल्यांहून जास्त. मी म्हटलं, मी तुमच्या स्कीमचा गोल्ड मेंबर आहे, कार्ड बघा. त्यांनी बघितलंही. म्हणाले, “गोल्डवाल्यायलेबी घ्याच लागते. पन तुमाले पॉइंट भेटतीन ना बकेटीवर!” नव्या खात्यात थोडे पॉइंट जमले होते, ते युरियात वळते करा म्हटलं. युरियावर पॉइंट चालत नाहीत. म्हणजे जे मला पाहिजे त्यावर पॉइंट चालत नाहीत आणि जे मला नको त्यावर पॉइंट मिळतात. मागं उभ्या असलेल्या म्हाताऱ्यानं तर काही विचारलंच नाही, गपचूप बकेट उचलली. त्याच्या पायात चप्पल नव्हती. त्याच्या रानाला झिंक पाहिजे की नको, त्यालाही माहीत नाही, दुकानदारालाही नाही, आणि ज्यानं ती बकेट बनवली त्याला तर त्याचं गाव कुठं आहे तेही माहीत नाही.

मीही घेतली. ओल जात होती.

याला लिंकिंग म्हणतात हे शेंबड्या पोराला माहीत आहे. दर हंगामाच्या तोंडी कृषी खात्याचं पत्रक निघतं की लिंकिंग केल्यास परवान्यावर कारवाई होईल. खत नियंत्रण आदेश १९८५ चा आहे, म्हणजे माझ्या पुतण्यापेक्षा वयानं मोठा. पत्रक दुकानात कुठं लावलंय ते बघायला गेलो, ते बकेटींच्या थप्पीमागं होतं.

दुकानदाराचीही बाजू आहे, ती मी ऐकलेली आहे. युरियात सुटतं ते हमालीत जातं. कंपनी त्यालाही युरियाच्या गाडीसोबत नको तो माल उचलायला लावते, नाही उचलला तर पुढची गाडी नाही. खरं आहे. त्यांच्या संघटना याविरुद्ध निवेदनं देतात, तेही खरं. पण मग ते निवेदन जितक्या मोठ्या आवाजात कंपनीला वाचून दाखवता, तितक्याच आवाजात गिऱ्हाइकाला सांगा ना की भाऊ, हा माल माझ्या गळ्यात मारलाय, तुमच्या कामाचा नाही. तिथं “मस्त हाय” काऊन म्हणता?

पुतण्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, “काका, पन डेटामध्ये तर तुमी लॉयल दिसान. दरवर्सी येता, खरेदीबी वाढली.” वाढली! बकेटीमुळे वाढली! दुसरं दुकान नदीपलीकडे, तिथं ओळख नाही, म्हणून उधारी नाही, आणि कापूस विकेपर्यंत हातात पैसा नाही. म्हणून मी येतो. यांच्या संगणकात ते निष्ठा म्हणून जमा होतं, आणि कुठंतरी वातानुकूलित हॉलमध्ये कोणीतरी त्याचा आलेख पडद्यावर दाखवून टाळ्या घेतं.

आता धडे पुरे झाले. सरळ बोलतो.

याच रस्त्यावर पूर्वी एक दुकान होतं. कार्ड नव्हतं, स्कीम नव्हती. मालक उधारीचा भाव वेगळा लावायचा, पण सांगून लावायचा. साधू नव्हता तो. एकदा मी सगळ्यांचं बघून एक महागाचं वाण मागितलं. हा म्हणाला, “तुमचं वावर बरड हाय, हे वान पानी मांगते. नोका नेऊ.” माल समोर ठेवलेला, पैसे माझ्या हातात, आणि हा नेऊ नका म्हणतो. न फोडलेलं पाकीट परत घ्यायचा. नाही उगवलं म्हटलं तर मोटरसायकल काढून वावरात यायचा, निदान बघायचा तरी. तो होता तोवर माझं अख्खं गाव दुसऱ्या दारात गेलं नाही, आणि त्यासाठी त्याला कुणाचा ओटीपी मागावा लागला नाही. हे न समजण्याइतके तुम्ही भोळे नाही. तुम्हाला समजतं, फक्त परवडत नाही असं म्हणता, आणि फ्लेक्स परवडतो.

आम्ही मूर्ख म्हणून घेत नाही, अडलो म्हणून घेतो. तुम्ही आमच्या अडण्यावर धंदा लावलाय आणि वरून त्याला नातं म्हणता, पोळ्याला टोप्या वाटता, शुभेच्छांचे मेसेज पाठवता. लाज वाटू द्या थोडी. त्या म्हाताऱ्याला बकेट देताना तुम्ही त्याच्या तोंडाकडे बघितलंही नाही.

माझी बकेट घरी तशीच पडली आहे. सील फोडलेलं नाही. उद्या घेऊन येतो, परत घ्या आणि पैसे द्या. काय म्हणता, बिल दाखवा? दिलं होतं का?