सायकल चालत नाहीये म्हणून ती अडगळ होत नाही, एवढं कधी कळणार लोकांना?

या विषयावर मला एकदा मोकळं बोलायचंय आणि आज बोलणारच. सीझन संपला, हवा बिघडली, आता काही महिने सायकल बाहेर काढता येणार नाही असं झालं की घरात, बिल्डिंगमध्ये, ओळखीपाळखीत सगळ्यांच्या लेखी ती एका रात्रीत वाहन राहतच नाही, नुसती एक वस्तू होते, आणि वस्तू तरी कसली, तर दुसऱ्या वस्तू ठेवायची. हँडलला पिशव्या अडकव, सीटवर ओले कपडे टाक, वरच्या दांडीवर गादी लाद, चाकाला शिडी टेकव. विचारलं की ठरलेलं उत्तर, "अगं, चालवत नाहीयेस ना आत्ता, मग काय बिघडलं?"

काय बिघडलं ते सांगते. मागच्या चाकापाशी जिथे गियरचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा भाग लटकतो तिथे हँगर नावाचा एक छोटा धातूचा तुकडा असतो, बऱ्याच सायकलींमध्ये तो मुद्दाम मऊ बनवलेला असतो, म्हणजे सायकल त्या बाजूला पडली तर तो वाकावा आणि फ्रेम वाचावी. त्याच्यावर कुणी एक जड खोकं सरकवलं की तो जरासा आत जातो, बघून अजिबात कळत नाही, सायकल उभी असते तोवर कुणाला पत्ताही लागत नाही, आणि मग सीझन सुरू झाल्यावर एखाद्या चढावर सगळ्यात हलका गियर टाकला की डिरेलर थेट स्पोकमध्ये शिरतो. चाक जाम. डिरेलर तुटतो, स्पोक तुटतात, माणूस पडला तर तो वेगळाच. आणि हे सगळं कशामुळे, तर कुणाला तरी खोकं ठेवायला दुसरी जागा शोधायचा कंटाळा आला होता म्हणून!

डिस्क ब्रेकचं तेच. ती डिस्क, म्हणजे चाकावरची धातूची चकती, नवी असताना साधारण १.८ मिमी जाड असते, तिच्या आणि तिला ब्रेक लावताना चिमटीत धरणाऱ्या पॅडच्या मध्ये फट इतकी बारीक असते की उजेडात धरून बघावी लागते. तिला शिडी टेकवली, त्याच्यावर अजून दोन गोष्टी टेकवल्या की ती वाकते, आणि मग चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला खस्स, खस्स, खस्स. म्हणून सायकल नेहमी चेन नसलेल्या बाजूने भिंतीला लावायची आणि तिला काहीही, काहीही टेकवायचं नाही. हे मी किती वेळा सांगितलंय. लोक मान डोलावतात आणि पुढच्या आठवड्यात तिथे अजून एक खोकं येतं.

आणि जास्त राग कुठे येतो माहितीये, "मदत" करणाऱ्यांचा. चेनला गंज चढेल म्हणून कुणीतरी मायेने तेलाचा स्प्रे घेतं आणि चेनवर मारता मारता अख्ख्या मागच्या चाकावर मारतं. डिस्कवर तेल! डिस्क एकवेळ पुसता येते, पण पॅड ते तेल शोषून घेतात आणि एकदा शोषलं की बहुतेक वेळा पॅड फेकावेच लागतात, घासा, भाजा, धुवा, पूर्वीसारखा ब्रेक काही लागत नाही. शिवाय मळलेल्या चेनवर वरून तेल मारून काहीच साधत नाही, ती धूळ आणि तेल मिळून कानशीसारखी पेस्ट होते आणि चेनच्या पिना झिजवते. आधी चेन साफ करायची, पूर्ण कोरडी करायची, मग प्रत्येक कडीच्या रोलरवर एक एक थेंब सोडायचा, पेडल उलटं फिरवायचं, वरचं जास्तीचं तेल फडक्याने पुसून घ्यायचं. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, मी ते सीझन संपल्या संपल्या केलेलं असतं, कुणी हात लावायची गरजच नसते. चाक काढून ठेवलं असेल तर ब्रेकचा लिव्हर दाबू नका हेही सांगून झालंय. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक असले आणि मध्ये डिस्क नसताना लिव्हर दाबला की पॅड ढकलणारे पिस्टन बाहेर येतात, पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाक परत बसत नाही. त्यासाठी मध्ये प्लॅस्टिकचा एक तुकडा घालून ठेवतात. तोसुद्धा कुणीतरी "हे काय कचरा आहे" म्हणून काढून टाकलेला.

टायरकडे तर कुणाचं लक्षच नसतं. सायकल चालत नाही म्हणजे हवा तशीच राहते असं लोकांना खरंच वाटतं! ट्यूबचं रबर काही पूर्ण हवाबंद नसतं, हवा त्यातून हळूहळू जातच राहते, सायकल चालो न चालो, आणि टायर जितका बारीक आणि प्रेशर जितकं जास्त तितका तो लवकर बसतो. मग बसलेल्या टायरवर सायकलचं वजन, वर त्या सगळ्या सामानाचं वजन, आणि टायरची बाजू एकाच घडीवर महिनोन्‌महिने दुमडलेली. तिथेच चिरा पडतात. म्हणून अधूनमधून हवा भरायची, चाक थोडं फिरवून ठेवायचं, नाहीतर सरळ टांगायची. पण हवा भरायला व्हॉल्वपर्यंत हात तरी पोचायला पाहिजे ना! मला पंप लावायच्या आधी अर्धा तास सामान हलवावं लागतं, आणि हलवलं की वर ऐकून घ्यावं लागतं की पसारा कशाला केलास. पसारा मी केला?

ट्यूबलेसवाल्यांचे हाल वेगळेच, टायरच्या आतलं भोकं बुजवणारं पातळ सीलंट दोन ते सहा महिन्यांत सुकतं, उष्ण कोरड्या जागेत त्याच्याही आधी. आणि कृपा करून कुणी सायकल ठिणग्या पाडणाऱ्या विजेच्या मोटरच्या शेजारी ठेवायला सांगू नका, त्या ठिणग्यांतून ओझोन तयार होतो आणि ओझोन रबराला तडे पाडतो. उन्हात ठेवा म्हणणाऱ्यांनाही तेच, तिथे ऊन रबर खातं.

"मग कव्हर टाक की वरून." हे वाक्य ऐकलं की डोकंच फिरतं. ओल्या जागेत सायकलवर प्लॅस्टिकचं गच्च कव्हर टाकलं की आतली ओल बाहेर जायचा रस्ताच बंद होतो, रात्री गारठा पडला की तीच ओल कव्हरच्या आतून पाणी होऊन सायकलवर ठिबकते. वरून सगळं झाकलेलं, छान दिसतं, आणि आत बोल्ट गंजतायत, केबल गंजतायत, सीटच्या नळीतून पाणी खाली बॉटम ब्रॅकेटमध्ये, म्हणजे पेडलच्या आसाच्या बेअरिंगमध्ये उतरतंय. स्टीलची फ्रेम तर आतून गंजते, बाहेरचा रंग शाबूत असतो आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, स्टीलच्या फ्रेममध्ये ग्रीस न लावता असा ओलीत सोडला तर दोन्ही धातू एकमेकांना असे धरून बसतात की कधीकधी करवतीने कापून काढायची वेळ येते. झाकायचंच तर साधी सुती चादर टाका, तिच्यातून हवा तरी खेळते.

सल्ले देणाऱ्या लेखांचंही मला काही कळत नाही. सगळ्यांचं पहिलं वाक्य एकच, सायकल कोरड्या उबदार गॅरेजमध्ये ठेवा. कुणाचं गॅरेज? भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्याने काय करायचं हे एकजण लिहीत नाही. भिंतीला हुक मारा म्हणतात. हुक चांगलाच असतो, चाकावर टांगल्याने रिम वाकते ही भीती खोटी आहे, एवढं चाक चालताना आख्ख्या माणसाचं वजन पेलतं, त्याला नुसत्या सायकलचं काय होणार. हायड्रॉलिक ब्रेक असतील तर खाली उतरवल्यावर थोडा वेळ सरळ उभी ठेवायची, लिव्हर बऱ्याचदा दाबून बघायचा आणि मगच निघायचं, बास. पण भिंतीला भोक पाडायला घरमालक हो म्हणायला पाहिजे! मग राहतो तो छतापर्यंतचा दाबून उभा करायचा खांब, आणि त्याला पण जागा लागतेच.

इलेक्ट्रिक सायकलवाल्यांना तर उलटंच शिकवलं जातं, बॅटरी फुल चार्ज करून ठेवून दे म्हणे. लिथियमची बॅटरी महिनोन्‌महिने पूर्ण भरलेली ठेवली की ती लवकर म्हातारी होते आणि पूर्ण रिकामी ठेवली की मरूनच जाते. ती काढून घरात आणायची, ३० ते ६० टक्क्यांच्या मध्ये ठेवायची, १० ते २० अंशांच्या कोरड्या जागी, आणि मधून मधून बघायची. कडाक्याच्या थंडीतून आणली की लगेच चार्जिंगला लावायची नाही.

हे सगळं मी करायला तयार आहे. दरवर्षी करते. मला फक्त जागा पाहिजे, आणि तिथेच सगळं अडतं.

जिन्यात ठेवायची नाही, मान्य. आग लागली तर वाट मोकळी पाहिजे, त्यात वाद घालणारी मी नाही. पण मग कुठे ठेवायची ते कुणी सांगत नाही. खाली पार्किंगमध्ये कव्हर घातलेल्या गाड्या महिनोन्‌महिने जागच्या हलत नाहीत, चारही टायर बसलेत, वर धुळीचा थर, त्यांना कुणी अडगळ म्हणत नाही, त्यांच्या छतावर कुणी गादी वाळत घालत नाही. एका गाडीच्या जागेत आठ-दहा सायकली नीट मावतात. तरी सायकलीसाठी अर्धी जागा मागितली की चेहरे वाकडे होतात आणि "सीझन नसताना तरी घरात ठेवा की" असं ऐकवलं जातं. मी म्हणते सीझन नसतानाच जास्त सुरक्षित जागा लागते, कारण तेव्हा तिच्याकडे रोज नजर जात नाही, चोराला हे चांगलं माहिती असतं.

आणि जे स्टँड बसवलेत ते तरी काय आहेत! जमिनीलगतची लोखंडी फट, त्यात फक्त पुढचं चाक खुपसायचं. अख्खी सायकल त्या एका चाकावर तोलून उभी, कुणाचा धक्का लागला की सायकल आडवी आणि चाक आठच्या आकड्यासारखं. फ्रेमला कुलूप लावायची सोयच नाही, चाकाला लावा, आणि चोर चाक ठेवून बाकीची सायकल घेऊन जातो. तिथे डिस्क अडकून वाकते, बारीक टायर फटीत हलत राहतात, जाड टायर शिरतच नाहीत. ज्याने हे निवडलं त्याने सायकल कधी चालवलेली नाही हे मी लिहून द्यायला तयार आहे.

लागतं काय तर जमिनीत पक्का रोवलेला उलट्या यू आकाराचा पाइप. फ्रेम त्याला टेकते, फ्रेम आणि चाक दोन्हीला एकाच कुलपात घेता येतं, दोन बाजूंना दोन सायकली लागतात. वर छप्पर, एक दिवा, बास. यात न परवडण्यासारखं काय आहे? पुढच्या मीटिंगला मी हेच मागणारे, किती सायकली आहेत ते दारोदार विचारून कागदावर नावासकट नेणारे, आणि नाही म्हणायचं असेल तर "आत्ता कुठे कोण चालवतंय" हे कारण मी ऐकून घेणार नाही, दुसरं काही असेल तर लेखी द्या.