एक तप झालं, आता प्रशिक्षण घ्या

अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवून तुम्हाला बारा वर्षं झाली असतील तर अभिनंदन. पूर्वी एवढ्या तपानंतर देव प्रसन्न व्हायचे. आता माणूस वरिष्ठ वेतनश्रेणीला पात्र ठरतो. फक्त मधे प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. चोवीस वर्षंवाले त्याच्या वरच्या निवडश्रेणीसाठी येतात, त्यांना काही सांगायची गरज नाही. हॉलमध्ये शिरताच ते भिंतीतल्या चालू प्लगशेजारची खुर्ची धरतात. पुढचं सगळं नवख्यांसाठी.

पूर्वचाचणीत हुशारी दाखवू नका. तिथे पैकीच्या पैकी मिळवलेत तर उत्तरचाचणीत वाढायला जागा उरत नाही, प्रशिक्षणाचा परिणाम शून्य दिसतो आणि अहवाल लिहिणाऱ्याची पंचाईत होते. चार-दोन प्रश्न मुद्दाम चुकवावेत. तेवढं सौजन्य आपल्यात हवं.

पहिलं सत्र बहुधा विद्यार्थिकेंद्रित अध्यापनावर असतं आणि ते दीड तासाच्या व्याख्यानातून होतं. ‘शिक्षकाने वर्गात कमीत कमी बोलावं’ ही ओळ पडद्यावर येते. सुलभक, म्हणजे प्रशिक्षण देणारे, ती इंग्रजीत वाचतात, मराठीत समजावतात, मग स्वतःच्या कॉलेजातला एक किस्सा सांगतात. तुम्ही मान डोलवा. पहिल्या रांगेतल्या एखाद्या मॅडम इंग्रजीत शंका विचारतील, तेव्हा सगळं सभागृह त्यांच्याकडे वळून बघेल. इंग्रजीच्या प्रशिक्षणात इंग्रजी बोलणं जरा आगाऊपणाचंच.

मग तो प्रसिद्ध त्रिकोण येईल: आपण वाचलेलं 10 टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं 20 टक्के, स्वतः केलेलं 90 टक्के. खाली नाव एडगर डेल या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांचं. 1946 साली डेल यांनी जो अनुभवांचा शंकू मांडला त्यात एकही टक्केवारी नव्हती, आकडे मागाहून कुणीतरी चिकटवले, हे तुम्हाला ठाऊक असलं तरी गप्प बसा. शिवाय त्रिकोण खरा मानला तर हे व्याख्यान 20 टक्क्यांतच जमा होतं, आणि हा हिशोब चहाच्या आधी कुणालाच नको असतो.

चहानंतर गटकार्य. एक चार्ट पेपर, दोन स्केचपेन, त्यातलं हिरवं वाळलेलं. ज्या मॅडमचं अक्षर चांगलं त्या लिहितात, जे सर सर्वांत कनिष्ठ ते सादर करतात, उरलेले पेन्शनवर बोलतात. विषय काहीही असो, चार्टच्या मधोमध वर्तुळ काढून बाण सोडावेत. बाण बाहेर जाणारे हवेत. आत येणारे काढले तर खुलासा मागतात.

इथे एक धोक्याची सूचना. इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांचं नाव चुकूनही काढू नका. 1979 ते 1984 या काळात त्यांनी बंगळूर-मद्रासकडच्या साध्यासुध्या शाळांत मुलांपुढे रेल्वेचं वेळापत्रक किंवा नकाशा ठेवला आणि कोडं सोडवायला लावलं. डोकं अर्थ लावण्यात गुंतलं की भाषा आपसूक मुरते, असं त्यांचं म्हणणं. जगभर गाजलेली ही टास्कची (म्हणजे कामातून भाषा शिकवण्याची) पद्धत आपल्याच देशात, दक्षिणेत, आपल्यासारख्याच वर्गांत वाढली. पडद्यावर मात्र ती विलायतेहून आल्यासारखी दिसते. त्यातून प्रभूंना गटकार्याचं विशेष प्रेम नव्हतं. आधी शिक्षकाने सगळ्या वर्गाबरोबर एक टास्क करायचं, मग तसंच दुसरं प्रत्येकाने आपापलं. मुलांनी एकमेकांचं कच्चं इंग्रजी ऐकून काय साधणार, ही त्यांची शंका. एवढं बोललात तर चार्ट पेपरचं काय करायचं हो?

तुमच्या वर्गात ऐंशी मुलं आहेत, हेही तिथे सांगायचं नसतं. बारावीला इंग्रजीचे 80 गुण लेखी आणि 20 तोंडी व अंतर्गत. ऐंशी जणांना बोलण्यासाठी दहा-दहा मिनिटं दिली तरी 800 मिनिटं होतात, म्हणजे तेरा तासांच्या वर. हे गणित मांडलंत की ‘सकारात्मक दृष्टिकोन’ नावाचं सत्र तुमच्याकडे बघून सुरू होतं. खरं तर त्या 20 गुणांसाठी पोरांना बोलतं कसं करावं, हे कुणी दोन दिवस बसून दाखवलं असतं तर अर्धं सभागृह वह्या उघडून बसलं असतं. पण ते वेळापत्रकात नाही.

ऑनलाइन असेल तर आनंदच. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकाने वर्षाला किमान 50 तास व्यावसायिक विकास करावा असं म्हटलंय, आणि तास मोजायला संगणकासारखा भोळा कारकून नाही. व्हिडिओ लावा, आवाज बंद करा, पेपर तपासायला घ्या. प्रश्नमंजूषेची उत्तरं रात्री नऊपर्यंत व्हॉट्सअॅप ग्रुपवर येतात. आधीच सोडवायला बसलात तर ग्रुपची उत्तरं आणि तुमची उत्तरं जुळत नाहीत, आणि उगाच मनस्ताप. कृतिसंशोधनाचा, म्हणजे स्वतःच्या वर्गातल्या अडचणीवर स्वतः केलेल्या संशोधनाचा, अहवालही तिथेच मिळेल; फक्त पहिल्या पानावरचं कॉलेजचं नाव बदला. विसरू नका, दरवर्षी कुणीतरी विसरतं.

शेवटच्या दिवशी मनोगत व्यक्त करायला पुढे ढकललं तर ‘इथून खूप काही घेऊन जातोय’ म्हणा. पिशवी, पॅड आणि पेन मिळालेलं असतं, तेव्हा खोटं ठरत नाही.

प्रमाणपत्र हातात पडलं की जागच्या जागी वाचा. इंग्रजीच्या प्रशिक्षणाचं असल्यामुळे त्यावरचं तुमच्या नावाचं स्पेलिंग हमखास चुकलेलं असेल, आणि सेवापुस्तकातल्या नावाशी एक अक्षर जुळलं नाही तरी फाइल परत येते. दुरुस्तीचा अर्ज तीन प्रतींत द्यावा. मराठीत.